अस्वल, गुरे आणि सरकारी कुरण

अस्वलाची आणि आपली पहिली ओळख पूर्वी दरवेश्याच्या दोरीने होत असे. गावात दरवेशी आला की मुलांची झुंड त्याच्यामागे लागे. एखादी आजी अस्वलाचे चार केस मागून घेई, ताइतात घालून नातवाच्या गळ्यात बांधी. एखाद्या धीट मुलाला क्षणभर त्या प्राण्याच्या पाठीवर बसविले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा खेळ हळूहळू बंद झाला, आणि ते योग्यच झाले. आपल्याकडचे हे काळे, केसाळ अस्वल वारुळे फोडून वाळवी खाते. मध, बोरे, जांभळे आणि मोहाची फुले ही त्याची आवडती मेजवानी. वडोदऱ्याकडील वाचकांना रतनमहालच्या डोंगरातील अस्वले ऐकून ठाऊक असतील, बेळगावकडील वाचकांना हंपीजवळच्या दरोजीची. अवचित गाठ पडली तर माणसाला फाडून काढण्याइतके ते रागीट असते. परंतु गुरांच्या कळपावर घाला घालणे हा काही त्याचा स्वभाव नव्हे. त्यामुळे अस्वल आणि गाय यांचा तंटा ही कल्पनाच आपल्याला नवी वाटते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हा तंटा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि अलीकडच्या काळात तो न्यायालयाच्या पायऱ्या चढला आहे. त्या तंट्यातील खरा प्रश्न अस्वलाच्या क्रौर्याचा नाही. सरकारी मालकीच्या, म्हणजे सर्व जनतेच्या, कुरणावर पहिला हक्क कोणाचा, असा तो प्रश्न आहे.

त्या देशातील या अस्वलास ‘ग्रिझली’ म्हणतात. तपकिरी अस्वलाच्या जातीचाच हा एक प्रकार. खांद्यावर स्नायूंचा मोठा उंचवटा, लांब व किंचित वाकड्या नख्या, आणि नराचे वजन तीनशे किलोपर्यंत. मात्र एवढ्या आकारावरून तो केवळ मांसावर जगत असेल असा तर्क कोणी करू नये. गवत, कंदमुळे, रानफळे, मुंग्या, मासे, पाइन वृक्षाच्या बिया, हरणांची नवजात पाडसे आणि हिवाळ्यात मरून पडलेल्या जनावरांची प्रेते, असे जे ज्या ऋतूत मिळेल ते हा प्राणी खातो. उंच डोंगरांच्या खडकाळ उतारांवर उन्हाळ्यात एका जातीचे पतंग थव्याथव्याने दडून बसतात. ग्रिझली दगड उलथून ते पतंग खात बसतो, आणि एका दिवसात चाळीस हजारांपर्यंत पतंग फस्त करतो, असे शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले आहे. तीनशे किलोच्या प्राण्याने पतंगांवर पोट भरावे, ही निसर्गाची गंमतच म्हणावयाची.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आजच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात, अलास्का सोडून, सुमारे पन्नास हजार ग्रिझली असावेत असा अंदाज आहे. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर गुरे आणि मेंढ्या आल्या, आणि त्यांच्या रक्षणासाठी बंदुका, सापळे व विष आले. सरकारनेही पगारी शिकारी नेमून या संहाराला हातभार लावला. कॅलिफोर्निया राज्याच्या ध्वजावर आजही ग्रिझलीचे चित्र आहे. परंतु प्रत्यक्ष त्या राज्यात १९२० नंतरच्या दशकातच ग्रिझली नामशेष झाला. ध्वजावर मान आणि रानात मरण, असा हा प्रकार झाला. १९७५ पर्यंत कॅनडाच्या दक्षिणेस सातशे-आठशे ग्रिझली उरले होते, आणि तेही डोंगरांतील काही मोजक्या कोपऱ्यांत.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कोपरा म्हणजे यलोस्टोन. १८७२ साली स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तीन राज्यांच्या सीमेवर पसरले आहे. १९७३ साली अमेरिकेत संकटग्रस्त प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९७५ साली ग्रिझलीचे नाव त्या कायद्याच्या यादीत नोंदविले गेले. त्या यादीत दोन पायऱ्या आहेत. जो प्राणी नष्ट होण्याच्या अगदी कड्यावर उभा आहे तो पहिल्या पायरीवर. जो त्या कड्याकडे चालला आहे असे दिसते तो दुसऱ्या पायरीवर. ग्रिझलीला ही दुसरी पायरी मिळाली. तेव्हा यलोस्टोन आणि भोवतालच्या प्रदेशात अवघे १३६ च्या आसपास ग्रिझली उरले असावेत असा सरकारी अंदाज होता. पन्नास वर्षांनी तो आकडा एक हजाराच्या घरात पोहोचला आहे. कायद्याचे हे मोठे यश आहे, यात शंका नाही. पण आजचा तंटा या यशामुळेच धारदार झाला आहे. कारण संख्या वाढली तसा ग्रिझली उद्यानाच्या सीमेबाहेर पडला, आणि सीमेबाहेर गुरे होती.

येथे सरकारी कुरणांची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे गायरान असते ते गावाचे. गावची गुरे तेथे चरतात, आणि त्याची हद्द गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. अमेरिकेत मध्यवर्ती सरकारच्या मालकीची सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे त्या देशाच्या एकूण भूमीच्या चतुर्थांशाहून अधिक. यातील बहुतेक भाग पश्चिमेकडील राज्यांत आहे. १९ कोटी ३० लाख एकर एकट्या वनखात्याकडे आहेत. ही जमीन कोणा एका गावाची नाही. न्यूयॉर्कमधील शिंप्याचा तिच्यावर जितका अधिकार, तितकाच वायोमिंगमधील गुरेवाल्याचा. मात्र १९०६ पासून वनखाते शुल्क घेऊन तेथे खाजगी गुरे चारू देत आले आहे. डोंगराचे चराईचे पट्टे पाडलेले असतात, आणि प्रत्येक पट्ट्यासाठी ठराविक गुरेवाल्यांना साधारणतः दहा वर्षांचा परवाना दिला जातो. शुल्क ठरविण्याचे सूत्र १९७८ च्या कायद्यात आहे. २०१९ पासून २०२५ पर्यंत एक गाय व तिचे वासरू यांच्या एका महिन्याच्या चराईस एक डॉलर पस्तीस सेंट एवढाच दर होता. याच दरात पाच मेंढ्याही चरू शकत. खाजगी मालकाकडून कुरण भाड्याने घ्यावयाचे तर याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. सरकारी कुरण स्वस्त आहे म्हणून ते सोडवत नाही, हे या कथेतील एक साधे पण महत्त्वाचे सत्य आहे.

केवळ स्वस्ताईवर बोट ठेवून मोकळे होणे मात्र न्यायाचे ठरणार नाही. पश्चिमेकडील गुरेवाल्याची स्वतःची जमीन बहुधा खोऱ्याच्या तळाशी, नदीकाठी असते. उन्हाळ्यात त्या जमिनीवर गवत वाढवून, कापून, वाळवून ठेवले नाही, तर हिमवर्षावाच्या पाच-सहा महिन्यांत गुरांच्या तोंडात घालावयास काही उरत नाही. म्हणून उन्हाळ्यापुरती गुरे डोंगरावर चढवावीच लागतात. डोंगर सरकारी आहे. तो पट्टा हातचा गेला, तर खालची जमीनही पोट भरण्यास पुरत नाही; मग ती जमीन श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी विकली जाते. अस्वलाच्या दृष्टीने पाहिले, तरी गवताच्या शेतापेक्षा बंगल्यांची वसाहत काही हिताची नव्हे. हा युक्तिवाद गुरेवाले नेहमी मांडतात, आणि त्यात तथ्य आहे.

आता प्रत्यक्ष एका जागेकडे वळू. यलोस्टोनच्या दक्षिणेस ब्रिजर-टेटन नावाचे राष्ट्रीय वन आहे. विंड रिव्हर पर्वतातून निघणारी ग्रीन नदी या वनातून दक्षिणेकडे वाहते, आणि पुढे कोलोराडो नदीस मिळते. या नदीच्या उगमाकडील खोऱ्यात चराईच्या पट्ट्यांचा एक समूह असून त्याचे क्षेत्र सुमारे १ लाख ७० हजार एकर आहे. बृहन्मुंबईपेक्षाही तो विस्ताराने मोठा आहे. राष्ट्रीय वनांतील सर्वांत मोठे चराईक्षेत्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येथे नऊ हजारांच्या आसपास गुरे चरतात. खालच्या वाळवंटी सपाटीवरून ती जवळजवळ साठ मैलांची वाट तुडवीत वर येतात, आणि थंडी पडू लागली की आपण होऊन त्याच वाटेने घराकडे परततात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ही ये-जा चालू आहे. २०१३ साली या वाटेची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत परंपरेचे स्थान म्हणून नोंद झाली. पंढरीच्या वाटेचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तुडवल्या जाणाऱ्या वाटेचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

या कुरणांवर ग्रिझलीने गुरे मारल्याच्या घटना १९९० नंतरच्या दशकात नोंदल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी कित्येक वर्षे तेथे ग्रिझली जवळजवळ उरलाच नव्हता, म्हणून तंटाही नव्हता. तो परत का आला याचे एक कारण वर आलेच आहे, ते म्हणजे संख्या वाढली. दुसरे कारण अन्नाशी संबंधित आहे, आणि त्याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. उंच डोंगरांवर पांढऱ्या सालीचा एक पाइन वृक्ष वाढतो. त्याच्या बिया तेलाने भरलेल्या असतात. तांबड्या खारी या वृक्षाची शंकूसारखी फळे तोडून जमिनीत साठवितात, आणि ग्रिझली खारीचे ते कोठार लुटून हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवितो. परंतु युरोपातून आलेल्या तांबेऱ्याच्या रोगाने हे वृक्ष पोखरले, आणि हिवाळे सौम्य होऊ लागल्यावर खोडात शिरणाऱ्या भुंग्यांनी उरलेल्यांचा फडशा पाडला. २०२२ च्या अखेरीस हा वृक्षच संकटग्रस्तांच्या यादीत दाखल झाला. यलोस्टोनच्या सरोवरातील कटथ्रोट जातीचा ट्राउट मासा हे ग्रिझलीचे आणखी एक अन्न. तो वीण घालण्यासाठी उथळ ओढ्यांत चढे, आणि तेथे अस्वलांच्या हाती लागे. १९९४ साली त्या सरोवरात लेक ट्राउट हा परका मासा आढळला. हा उपरा स्थानिक माशाला खातो, आणि स्वतः मात्र खोल पाण्यात राहतो, ओढ्यांत येत नाही. अस्वलाच्या वाट्याचे ताट असे दोन्हीकडून ओढले गेले. ग्रिझली काहीही खाऊन जगू शकतो, तेव्हा यामुळे त्याचे फारसे बिघडले नाही, असे सरकारी शास्त्रज्ञांचे म्हणणे. बियांची जागा मांसाने घेतली, आणि मांसाच्या शोधात तो गुरांपर्यंत पोहोचला, असे इतरांचे म्हणणे. २००७ साली सरकारने यलोस्टोनच्या ग्रिझलीचे नाव यादीतून काढले, तेव्हा या पाइन वृक्षाच्या ऱ्हासाचा पुरेसा विचार झाला नाही या मुद्द्यावरही न्यायालयाने तो निर्णय २००९ साली रद्द केला, आणि २०११ साली वरच्या न्यायालयाने या मुद्द्यापुरता तो निकाल उचलून धरला.

कुरणावर प्रत्यक्ष घडते काय? गुरांमध्ये वावरणारा प्रत्येक ग्रिझली गुरे मारतो असे मुळीच नाही. पुष्कळ अस्वले कळपाच्या बाजूने निमूटपणे निघून जातात. बहुतेक नुकसान मूठभर अस्वलांकडून होते. पण डोंगरावर गुरे इतर कारणांनीही मरतात. आजार, वीज, दरीत कोसळणे, आणि लार्कस्पर नावाची निळ्या फुलांची विषारी वनस्पती. मेलेल्या गाईचा वास अस्वलाला कित्येक मैलांवरून येतो. एकदा प्रेतावर ताव मारला की गाय हे अन्न आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि तो बुद्धिमान प्राणी असल्यामुळे हे ज्ञान तो विसरत नाही. पुढच्या वर्षी तो वासरू मारतो. मग गुरेवाला राज्याच्या शिकार व मत्स्य विभागाला कळवितो, अधिकारी येऊन जखमा तपासतात, सापळा लावला जातो. पहिल्या अपराधाला अस्वलास दूर नेऊन सोडण्याची रीत आहे. परंतु पुष्कळदा ते डोंगर ओलांडून परत येते. वारंवार गुन्हा झाला, की त्याला ठार केले जाते. सरकारी कागदांत याला ‘काढून टाकणे’ असा सौम्य शब्द आहे. शब्द सौम्य असला की कृत्यही सौम्य वाटू लागते. हा गुण सर्व देशांतील कचेऱ्यांत सारखाच आढळतो.

२०१९ साली वनखात्याने ग्रीन नदीच्या या पट्ट्यांवरील चराई पुढे चालू ठेवण्यास मान्यता दिली. कायद्याप्रमाणे अशा वेळी मत्स्य व वन्यजीव खात्याचा अभिप्राय घ्यावा लागतो. त्या खात्याने अभिप्राय दिला की, दहा वर्षांत येथे ७२ ग्रिझली मारले गेले तरी एकंदर जातीला धोका पोहोचणार नाही. रक्षणासाठी केलेल्या कायद्याखालीच बहात्तर अस्वलांच्या मृत्यूचे माप ठरले, हे पाहून निसर्गप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयात त्या हरल्या. परंतु मे २०२३ मध्ये डेन्व्हर येथील दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने त्यांची बाजू अंशतः उचलून धरली. या निकालातील मुख्य मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. न्यायालयाने ७२ हा आकडा फार मोठा आहे असे म्हटले नाही. त्या बहात्तरांत माद्या किती असू शकतील याची मर्यादा घालावी की काय, याचा विचारच खात्याने केला नाही, हा त्यातील दोष होय, असे न्यायालयाने सांगितले.

मादीचा एवढा हिशेब का, हे ग्रिझलीच्या जीवनक्रमावरून कळते. या मादीला पहिली पिल्ले होतात ती पाच-सहा वर्षांची झाल्यावर. एका वेळी सरासरी दोन पिल्ले; त्यांना ती दोन-तीन वर्षे आपल्याजवळ वागविते, आणि तोपर्यंत पुन्हा गाभण राहत नाही. सर्व पिल्ले जगत नाहीत. एका मादीने आपल्या जागी दुसरी वयात आलेली मादी उभी करावयाची तर दहा वर्षे सहज जातात. त्याहून विलक्षण गोष्ट गर्भधारणेची. अस्वलांचे मीलन उन्हाळ्याच्या प्रारंभी होते, पण गर्भ लगेच वाढत नाही. तो काही महिने गर्भाशयात न रुजता तसाच थांबून राहतो. शरद ऋतूत मादी गुहेत शिरते तेव्हा तिच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच तो रुजतो. नसेल तर जिरून जातो. पिल्ले भर हिवाळ्यात, आई गुहेत असताना जन्मतात, आणि जन्मताना एकेकाचे वजन अर्धा किलोही भरत नाही. म्हणजे उन्हाळ्यातील आणि शरदातील प्रत्येक घासाचा संबंध पुढच्या पिढीशी आहे. नर मेला तर दुसरा नर त्याची जागा घेतो. मादी मेली तर तिच्या पोटी जन्मू शकली असती ती सर्व पिल्ले त्या दिवशीच हिशेबातून वजा होतात. यलोस्टोनच्या ग्रिझलीची प्रकृती सुधारली की नाही याची सरकारी कसोटीही म्हणूनच माद्यांवर बेतलेली आहे. किमान पाचशे अस्वले, आणि त्यांत पिलांसह फिरणाऱ्या किमान ४८ माद्या.

शास्त्रज्ञ अशा प्रदेशाविषयी आणखी एक कल्पना वापरतात. घागरीला खालून भोक असावे आणि वरून पाणी ओतत राहावे, तशी काही रानांची स्थिती असते. बाहेरून पाहता तेथे प्राणी भरपूर दिसतात, पण ते तेथे जन्मलेले नसतात. सुरक्षित रानातून निघालेले तरुण प्राणी मोकळी जागा पाहून तेथे येतात, आणि मारले जातात. त्यांची जागा घेण्यास आणखी येतात. ग्रीन नदीचे खोरे यलोस्टोनच्या ग्रिझलींना असे भोक ठरत आहे काय, हा प्रश्न त्या खटल्यात उपस्थित झाला होता, आणि तो टाळता येणार नाही असे न्यायालयाने खात्यास सुनावले. मात्र आधीची मान्यता रद्द न करता न्यायालयाने प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. त्यामुळे चराई थांबली नाही.

मादीचे मोल सांगणारे एक उदाहरण त्या देशात घरोघरी ठाऊक आहे. ग्रँड टेटन उद्यानातील एका मादीला अभ्यासकांनी ३९९ हा क्रमांक दिला होता. १९९६ सालचा तिचा जन्म. रस्त्याच्या कडेने पिल्ले घेऊन फिरण्याची तिला सवय होती, त्यामुळे हजारो प्रवाशांनी तिला पाहिले. २०२० साली, चोविसाव्या वर्षी, ती चार पिल्ले घेऊन गुहेबाहेर आली, तेव्हा त्याची वार्ता वर्तमानपत्रांत झळकली. ती चौघे २०२२ साली आईपासून वेगळी झाली. त्यांतील एक दक्षिणेकडे ग्रीन नदीच्या खोऱ्यात उतरले, तेथे वस्तीतील अन्नाची त्याला चटक लागली, आणि त्याच उन्हाळ्यात अधिकाऱ्यांना त्याला मारावे लागले. स्वतः ३९९ ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटारीखाली सापडून मरण पावली. वय अठ्ठावीस. तिच्या पिढ्या आज त्या डोंगरांत आहेत. एका मादीचे आयुष्य पूर्ण झाले तर केवढे घडते, याचा हा पुरावा.

गुरेवाल्याच्या नुकसानीचे काय? वायोमिंग राज्य नुकसानभरपाई देते. डोंगराळ रानात सगळी प्रेते सापडत नाहीत, हे ध्यानात घेऊन, ग्रिझलीने मारले असे सिद्ध झालेल्या एका वासरामागे साडेतीन वासरांपर्यंतची किंमत देण्याची तेथे तरतूद आहे. पण रात्री-अपरात्री घोड्यावरून कळप राखणाऱ्याचे श्रम, भेदरलेल्या गाईंचे उतरलेले वजन, आणि झुडपाआडून अस्वल उठण्याची भीती यांची भरपाई कोणत्याही तक्त्यात बसत नाही. आपल्याकडे बिबट्याने गोठ्यातील वासरू नेले, की मालकाला रकमेपेक्षा त्या रित्या दाव्याचे दुःख अधिक होते. तेथेही माणसे तशीच आहेत.

तेव्हा उपाय शोधावयाचे ते दोघांनाही जगू देणारे. काही उपाय अगदी साधे आहेत, आणि त्यांचा अनुभव चांगला आहे. मोंटानातील ब्लॅकफूट नदीच्या खोऱ्यात २००३ पासून मेलेली गुरे शेताशेतांतून उचलून नेण्याची व्यवस्था शेतकरी, राज्य सरकार व स्थानिक संस्था यांनी मिळून केली. वसंत ऋतूत वासरे जन्मतात तेव्हाच अस्वले भुकेलेली गुहेतून बाहेर पडतात. त्या दिवसांत प्रेते हटविली, आणि वासरांच्या वाड्यांना व मधमाश्यांच्या पेट्यांना विजेच्या तारांचे कुंपण घातले. त्या खोऱ्यातील तंटे यामुळे लक्षणीय प्रमाणात घटले. अस्वलाला पहिला घासच मिळू द्यावयाचा नाही, हे त्यातील मर्म. उंच सरकारी कुरणांवर हे इतके सोपे नाही. तेथे रस्ते नाहीत, आणि मेलेली गाय दोन दिवसांनी सापडते. तेथे घोडेस्वार राखणदारांचा उपयोग होतो. गुरे विखुरलेली न ठेवता एकत्र राखली, आजारी जनावर वेळीच वेगळे केले, वासरू थोडे मोठे होईपर्यंत धोक्याच्या भागात नेले नाही, तर हल्ले कमी होतात. मेंढ्यांची गोष्ट याहून कठीण. मेंढी पळत नाही, झुंजत नाही, आणि अस्वलाला ती सोपी शिकार वाटते. म्हणून यलोस्टोनभोवतीच्या ग्रिझलीच्या मुख्य प्रदेशातील मेंढ्यांचे बहुतेक पट्टे बंद झाले आहेत.

जेथे तंटा काही केल्या मिटत नाही, तेथे चराईच उठविणे हा अखेरचा मार्ग उरतो. पण जबरदस्तीने उठविण्यापेक्षा मोबदला देऊन सोडवून घेणे बरे, असा मार्ग राष्ट्रीय वन्यजीव महासंघ या संस्थेने या शतकाच्या आरंभी काढला. देणग्यांतून रक्कम उभारावयाची, ती गुरेवाल्यास द्यावयाची, आणि त्याने आपण होऊन परवाना वनखात्यास परत करावयाचा. गुरेवाला त्या पैशातून दुसरीकडे, अस्वल नसलेल्या भागात, कुरण शोधतो. २००३ साली ब्रिजर-टेटन वनातील ब्लॅकरॉक व स्प्रेड क्रीक या भागातील मोठा पट्टा अशा रीतीने मोकळा झाला. पूर्वी तेथे ग्रिझली आणि गुरे यांचे सतत वैर होते. या व्यवहारात कोणी हरत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

त्यातही एक कायदेशीर पेच आहे. चराईचा परवाना ही सवलत आहे, मालमत्ता नव्हे, असे कायदा सांगतो; पण व्यवहारात शेताची किंमत ठरविताना त्याला जोडलेला परवाना धरला जातो. उलट, परवाना परत केला म्हणून तो पट्टा कायमचा मोकळा राहील अशी खात्रीही नसते. वनखात्याच्या आराखड्यात तशी नोंद झाली नाही, तर पुढचा अधिकारी तेथे पुन्हा गुरे सोडू शकतो. देणगीदारांना हे पटवून देणे कठीण जाते, आणि ते स्वाभाविकही आहे.

इकडे यादीचा वादही संपलेला नाही. २०१७ साली यलोस्टोनच्या ग्रिझलीचे नाव पुन्हा काढले गेले; वायोमिंग आणि आयडाहो यांनी शिकारीचे परवाने देण्याची तयारी केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा थांबविले. २०२४ साली उत्तर मोंटानातून एक नर व एक मादी उचलून यलोस्टोन प्रदेशात सोडण्यात आली. यलोस्टोनचे ग्रिझली इतर ग्रिझलींपासून तुटलेले आहेत, आणि त्यांच्यात नवे रक्त यावे, हा त्यामागील हेतू. जानेवारी २०२५ मध्ये मत्स्य व वन्यजीव खात्याने वायोमिंग व मोंटाना यांच्या मागण्या नाकारल्या; चार राज्यांतील ग्रिझली हा एकच समूह धरून संरक्षण चालू ठेवावे, आणि गुरेवाल्यांना आपल्या जनावरांच्या रक्षणासाठी काही अधिक मोकळीक द्यावी, असा प्रस्ताव त्याने मांडला. नवे रक्त माणसांनी ट्रकमधून आणण्यापेक्षा अस्वलांनी स्वतःच्या पायांनी चालत आणावे हे अधिक चांगले. आणि त्या वाटेवर जागोजाग कुरणे आहेत, हे नकाशा पाहणाऱ्यास सहज दिसते.

ऑक्टोबरच्या मध्यास ग्रीन नदीच्या खोऱ्यात पहिले हिम पडते. गाई स्वतःच वळतात, आणि खालच्या गवताच्या गंजींकडे वाट चालू लागतात. मालक फाटकाशी उभा राहून त्यांच्या कानातील बिल्ले मोजतो. वसंतात वर नेलेली वासरे किती परत आली, हे त्याला त्या दिवशी कळते. वर डोंगरात त्याच दिवसांत एखादी मादी खारीचे कोठार शोधत जमीन उकरीत असते. तिच्या पोटातील थांबलेला गर्भ अजून रुजलेला नसतो. तो रुजला की नाही, हे मोजणाऱ्यांना कळावयास पुढचा मे महिना उजाडावा लागतो.